निरंक : सरकारी विधी-नोकऱ्यांच्या ऑनलाइन अर्जाचे एक वाचन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. राहात्याला नगर-मनमाड रस्त्यालगत झेरॉक्सचे एक दुकान आहे. तेथे फोटो, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा आणि सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात. त्या दुकानात मी माझ्या एका माजी विद्यार्थिनीबरोबर संध्याकाळचे तीन तास बसून होतो. बी.ए.ला ती माझ्याकडे मराठी शिकली, पुढे विधी महाविद्यालयात गेली, आणि आता शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वस्तीत कायदा शिकणारी ती पहिलीच. एका सरकारी कार्यालयाने विधी शाखेच्या विद्यार्थ्यांकडून इंटर्नशिपसाठी अर्ज मागवले होते. अर्ज फक्त ऑनलाइन, आणि इंग्रजीत.

आधी फोटो ठरलेल्या आकारात बसेना. मग सही बसेना. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचे स्पेलिंग एक आणि आधारकार्डावर दुसरे. ओटीपी येणार होता मामाच्या मोबाइलवर, आणि मामा पेरूच्या बागेत फवारणीला गेलेला. हे सगळे अडथळे आम्ही एकेक करून ओलांडले. यात नवे काहीच नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने ते ओलांडलेले आहेत. शेवटी एक तारांकित रकाना आला : यापूर्वी केलेल्या इंटर्नशिप, कार्यालयाचे नाव, वरिष्ठांचे नाव, कालावधी. रकाना मोकळा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना.

"सर, ह्यात काय लिहू?"

मी म्हणालो, "निरंक लिही."

तिने त्या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरे टंकली. अर्ज पुढे सरकला.

रात्री घरी आल्यावर मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी तिच्या वस्तीतल्या एका कुटुंबाला मारहाण झाली होती. ठाण्यात फिर्याद नोंदवून घेतली जात होती, पण ॲट्रॉसिटीचे कलम लावले जात नव्हते. तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या याच मुलीने वरिष्ठांकडे अर्ज लिहिला, वैद्यकीय दाखला मिळवला, साक्षीदारांना धीर दिला आणि कलम लागेपर्यंत तालुक्याला चौदा खेपा घातल्या. वस्तीतल्या विधवांचे पेन्शनचे अर्ज, शिधापत्रिकेचे अर्ज, घरकुलाच्या हरकती तिच्याच अक्षरात आहेत. कायद्याची उमेदवारी म्हणतात ती दुसरी कोणती असते? आणि मी, तिला भाषा शिकवणारा माणूस, तिला सांगतो की निरंक लिही!

म्हणून या लेखात मी त्या अर्जाकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे. कविता-कादंबरीची समीक्षा करणाऱ्याने फॉर्मची समीक्षा करावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या संहितेवर आपल्या मुलांचे आयुष्य ठरते, ती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. प्रत्येक संहितेत एक गृहीत माणूस असतो. या संहितेने कोणता माणूस गृहीत धरला आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

१

आपल्या चळवळीचे आद्य गद्य कोणते? या प्रश्नाला आपण बहुधा आत्मकथनांचे किंवा 'मूकनायक'चे नाव घेऊन उत्तर देतो. माझ्या मते ते उत्तर अपुरे आहे. आपले आद्य गद्य म्हणजे अर्ज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला उद्देशून अर्जाचा मसुदा तयार केला. १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा झाली, तिच्यामागे शिवराम जानबा कांबळे होते. त्या सभेतून सरकारकडे अर्ज गेला. १९१० साली कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला, तो थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे. मागणी काय होती? सरकारी नोकरीच्या खालच्या जागांवर, पोलिसांत आणि लष्करात आम्हांला घ्या. म्हणजे हा नोकरीचाच अर्ज होता.

पण त्या अर्जाचे स्वरूप पाहा. त्यात अर्जदार 'मी' नव्हता, 'आम्ही' होता. त्यात पूर्वजांच्या लष्करी सेवेचा इतिहास होता, अन्यायाची कारणमीमांसा होती आणि राज्यकर्त्यांच्याच तत्त्वांचा हवाला देऊन केलेला युक्तिवाद होता. अर्जदार आपली पात्रता सांगत होता आणि त्याच वेळी पात्रतेची व्याख्या कशी चुकीची आहे हेही सांगत होता. भाषा नम्र होती, परंतु त्या नम्रतेच्या आत प्रश्न विचारणारा माणूस उभा होता. 'विनंती अर्ज' या शब्दातली विनंती आपण फार ऐकली; त्यातला वाद मात्र आपल्या समीक्षेने ऐकला नाही.

आजच्या ऑनलाइन अर्जात हा वाद घालायला जागा नाही. त्यात प्रश्न कार्यालयाचे असतात आणि उत्तरांची यादीही कार्यालयाचीच असते. अर्जदाराने यादीतले एक निवडायचे. आमच्या घरात धर्म बौद्ध आणि जात महार हे एका दमात सांगितले जाते, कारण त्या दोन शब्दांमध्ये १९५६ सालचा निर्णय आहे. फॉर्ममध्ये ते दोन वेगळे रकाने असतात, केंद्राच्या दाखल्याचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा. नवबौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० सालची कायदादुरुस्ती यावी लागली. चौतीस वर्षांचा तो सगळा झगडा एका उतरत्या यादीत येऊन बसला आहे, आणि चुकीची ओळ निवडली तर अर्ज बाद!

२

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ऑनलाइन अर्जाने काहीच साधले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पूर्वी जाहिरात शहरातल्या वर्तमानपत्रात यायची आणि गावात ती पोचेपर्यंत मुदत संपायची. फॉर्म आणायला जिल्ह्याला जावे लागे, पोस्टल ऑर्डर काढावी लागे, आणि खिडकीतल्या कारकुनाने आडनाव वाचून कपाळावर आणलेली आठी पाहावी लागे. पोच मिळत नसे. आज राहात्यात बसलेल्या मुलीला मुंबईतल्या मुलीइतक्याच लवकर जाहिरात दिसते, पैसे भरल्याची पावती मिळते, अर्ज क्रमांक मिळतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि सहायक सरकारी अभियोक्ता या पदांसाठी आपली मुले मोठ्या संख्येने अर्ज करतात, त्यात या सोयीचा वाटा आहे. माझे वडील रोजंदारीवर राबले. माझ्या वेळी ही सोय असती तर त्यांच्या दोन-चार दिवसांच्या मजुऱ्या तरी वाचल्या असत्या.

परंतु यावरून असा सिद्धान्त काढला जातो की यंत्राला चेहरा दिसत नाही, म्हणून यंत्राला जात दिसत नाही. हा सिद्धान्त मला मान्य नाही. कारकुनाला आडनाव दिसत होते. यंत्राला आडनावाची गरजच उरलेली नाही. कारण जातीने जे जे दिले आणि जे जे नाकारले, त्याचे त्याने स्वतंत्र रकाने केले आहेत. इंग्रजी कोणत्या शाळेत शिकलात? शिफारसपत्र कोणाचे आहे? यापूर्वी कोणाच्या कार्यालयात बसलात? शोधनिबंध कोठे छापला? हे प्रश्न दिसायला गुणवत्तेचे आहेत. त्यांची उत्तरे मात्र बरीचशी घराण्यातून येतात.

सर्वोच्च न्यायालयातील विधी लिपिक तथा संशोधन सहायक या पदाची अलीकडच्या वर्षांतली जाहिरात पाहा. त्यात उमेदवाराला संगणकाची माहिती हवी, आणि ई-एससीआर, मनुपत्र, एससीसी ऑनलाइन, लेक्सिसनेक्सिस, वेस्टलॉ यांतून हवी ती माहिती शोधून काढता आली पाहिजे, अशी अपेक्षा असते. यांपैकी ई-एससीआर ही न्यायालयाची स्वतःची सोय, २०२३ साली सुरू झालेली आणि सर्वांना मोफत. ही चांगली गोष्ट आहे. बाकीची नावे ही वर्गणी भरून वापरायची भांडारे आहेत. ज्या महाविद्यालयाला वर्तमानपत्रांची वर्गणी परवडत नाही, तेथल्या विद्यार्थ्याने ती कोठे पाहावीत? निवडीसाठी लेखी परीक्षा आहे, मुलाखत आहे. तो भाग खुला आहे. पण परीक्षेला बसण्याआधीच जाहिरात वाचून जो मुलगा म्हणतो की हे आपल्यासाठी नाही, त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही.

आता उलट बाजू पाहा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. म्हणजे फिर्याद मराठीत, साक्ष मराठीत, पंचनामा मराठीत. वस्तीतल्या बाईचे बोलणे ऐकून त्यातली कायद्याची बाब वेगळी काढणे, हे या न्यायालयातले मूलभूत कौशल्य आहे. ते माझ्या विद्यार्थिनीजवळ भरपूर आहे. त्यासाठी रकाना कोठे आहे?

३

रकान्यांमागे पैसा आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन परत आले, तेव्हा वकिलीची सनद काढायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. नवल भथेना या मित्राने ते दिले. कोलंबिया, लंडन आणि ग्रेज इन करून आलेला माणूस सनदेच्या फीपाशी अडतो! पुढे आपण कायदे केले. वकील अधिनियमाने अनुसूचित जाती-जमातींच्या पदवीधरांची नोंदणी फी एकूण १२५ रुपये ठरवली, इतरांची ७५०. प्रत्यक्षात देशभरातल्या राज्य वकील परिषदा वेगवेगळ्या शीर्षकांखाली हजारो रुपये घेत राहिल्या. शेवटी ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त फी घेता येणार नाही, आणि अशी वसुली दुर्बल घटकांच्या समानतेच्या हक्कावर आघात करते. १९२३ पासून २०२४ पर्यंत मोजा, एकशे एक वर्षे होतात.

त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच दुसरा निर्णय आला. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही अट १९९३ मध्ये आली होती, २००२ मध्ये गेली होती. अनुभव नसलेल्या कोवळ्या पदवीधराने न्यायासनावर बसू नये, हे म्हणणे मी धुडकावणार नाही; न्याय मागायला जाणारे बहुतांशी आपलेच लोक आहेत, आणि न्यायाधीश जाणता असावा हे त्यांच्याही हिताचे आहे. परंतु ही तीन वर्षे जगायचे कशावर? वकिलाच्या मुलाची तीन वर्षे वडिलांच्या कार्यालयात जातात. मजुराच्या मुलीला आधी वरिष्ठ वकील शोधावा लागतो, मग बसायला खुर्ची मिळवावी लागते, मग जाण्यायेण्याचे भाडे. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि या तीन वर्षांचा दाखला कोणी द्यायचा? किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने, आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर. म्हणजे ऑनलाइन अर्जाला जोडायच्या त्या एका कागदासाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहणे आले. खिडकीतला कारकून गेला, पण दार राहिले.

पंजाबचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे महाधिवक्त्यांच्या कार्यालयात अनुसूचित जातींच्या वकिलांसाठी ५८ जागा राखीव आहेत. परंतु अर्जासाठी वकिलीतल्या वार्षिक उत्पन्नाची अट होती, आणि ती पुरी करणारे उमेदवार न मिळाल्याने काही जागा रिकाम्या राहिल्या. २०२५ मध्ये तेथल्या सरकारला वटहुकूम काढून ती उत्पन्नमर्यादा निम्म्यावर आणावी लागली. जागा राखीव ठेवायच्या आणि अर्जात अशी अट घालायची की राखीव माणूसच तेथवर पोचू नये, हे आपल्या देशात किती सहज घडते! आणि 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य तयारच असते. पण पंजाबने निदान अट तपासली आणि बदलली, हेही लक्षात घेतले पाहिजे. अट म्हणजे निसर्गनियम नव्हे. ती माणसाने लिहिलेली असते आणि माणसाला खोडता येते.

४

कोणी विचारील, एका मुलीच्या इंटर्नशिपवरून एवढा ऊहापोह कशासाठी? याचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मे २०१५ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले, या कारणावरून एका तरुणाचा जीव घेतला गेला. सरकारी वकील आपल्या समाजाचा असता तर निकाल वेगळा लागला असता, असे मी म्हणत नाही. न्यायाची हमी कोणाच्या जन्मावर नसते. तसे मानणे म्हणजे आपणच जातीचे तत्त्व मान्य करणे होय. पण साक्षीदार का फुटतो, तो कोणाच्या शेतावर कामाला जातो, त्याच्या वस्तीचा रस्ता कोणाच्या बांधावरून जातो, हे न सांगता कळणारी माणसे त्या इमारतीत असावीत की नसावीत?

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात विशेष सरकारी अभियोक्त्याची तरतूद आहे आणि त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. म्हणजे आज ज्या मुलीचा अर्ज 'निरंक' ठरतो, ती सात-दहा वर्षांनंतरच्या त्या यादीतूनही आजच वगळली जाते. वर गेल्यावर काय दिसते? २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२ होते, ही केंद्र सरकारने संसदेत दिलेली माहिती आहे. न्या. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर न्या. भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. परंतु शिखरावरच्या एका-दोन नावांनी पायथ्याची रिकामी जागा भरत नाही. पायथा म्हणजे हीच उमेदवारी, हाच अर्ज, हाच रकाना.

५

आता थोडे आपल्याविषयी. हा दोष एकट्या सरकारचा नाही. आम्ही शिक्षकांनी वर्गात 'बलुतं' शिकवले. दया पवार आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे, हे अभिमानाने सांगितले. अनुभवाची प्रामाणिकता, आत्मभान, नकार यांवर व्याख्याने दिली. पण त्याच वर्गातल्या मुलीला स्वतःच्या अनुभवाचे नाव ठेवायला शिकवले नाही. पुस्तकातल्या अनुभवाला आम्ही वाङ्मय म्हटले, आणि तिच्या अनुभवाला निरंक. अर्जलेखनाचा धडा आम्ही दोन गुणांचा प्रश्न म्हणून गुंडाळला. १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय उभे राहिले, ते केवळ पदव्या वाटण्यासाठी नव्हते. कायद्याच्या भाषेत आपले म्हणणे मांडणारा माणूस तेथून बाहेर पडावा, यासाठी होते. शिवराम जानबा कांबळ्यांना जे १९१० साली जमले, ते आम्हांला पदव्या घेऊनही जमू नये याचा विचार झाला पाहिजे.

म्हणून काही मागण्या आणि काही कामे मी येथे नोंदवतो. सरकारी विधी-नोकऱ्या व इंटर्नशिप यांच्या अर्जांत सामाजिक विधी-कार्याचा स्वतंत्र रकाना असावा. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून केलेले काम आणि वस्तीत केलेले अर्ज-फिर्यादीचे काम त्यात मोजले जावे. जेथे कामाची भाषा मराठी आहे, तेथे उद्देशपत्र मराठीत लिहिण्याची मुभा असावी. बिनपगारी उमेदवारी ही श्रीमंतांसाठीची राखीव जागा आहे. प्रत्येक सरकारी इंटर्नशिपला राहण्या-जेवण्यापुरते विद्यावेतन मिळालेच पाहिजे. आणि प्रत्येक कार्यालयाने प्रवर्गनिहाय किती अर्ज सुरू झाले, किती अर्धवट राहिले आणि किती निवडले गेले, हे आकडे प्रसिद्ध करावेत. यंत्राजवळ ते असतात. अर्धवट राहिलेल्या अर्जांचा आकडा बाहेर आला, तर कोणता रकाना कोणाला अडवतो हे दिसेल.

आपले काम यापेक्षा सोपे आहे. आमच्याकडे आता महिन्यातून एका रविवारी पाच-सहा विद्यार्थी जमतात. जाहिरात मोठ्याने वाचायची, प्रत्येक रकान्याचा अर्थ लावायचा आणि त्यासमोर आपल्या आयुष्यातले काय बसते ते शोधायचे, एवढाच कार्यक्रम असतो. पहिल्या रविवारी त्या मुलीने वस्तीतल्या कामाची यादी केली. ती अडीच पाने भरली. तिची निवड त्या खेपेस झाली नाही. दुसऱ्या एका कार्यालयाचा अर्ज तिने नुकताच भरला. पूर्वानुभवाच्या रकान्यात 'अत्याचार प्रकरणातील फिर्यादीस साहाय्य, दोन वर्षे' असे तिने इंग्रजीत लिहिले. वरिष्ठांचे नाव विचारले होते, तेथे ती बराच वेळ थांबली, आणि मग जिच्या बाजूने ती लढली त्या फिर्यादी बाईचे नाव तिने लिहिले. ते चालेल की नाही, मला माहीत नाही. मी तिला खोडायला सांगितले नाही.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत. तुम्ही भरलेल्या, अर्धवट सोडलेल्या आणि फेटाळल्या गेलेल्या अर्जांचे मसुदे, नावगाव वगळून, संपादकांकडे पाठवावेत. आपले आद्य गद्य पुन्हा वाचायची आणि पुढे लिहायची वेळ आली आहे.